हे यंत्र खातं किती?

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा टेबलावर माझ्यासाठी चहा बशीनं झाकून ठेवला होता. झाकलेला चहा म्हणजे काम नकोसं असणार, एवढं वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मला कळायला लागलं होतं.

"मॅडम, साहेबांनी मनावर घेतलंय," ते म्हणाले. साहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. "आपल्या बायोटेक विभागात डीएनए सिक्वेन्सर येणार. मूल्यांकन समिती यायच्या आत बसला पाहिजे. तुम्ही फक्त तुलनेचा तक्ता करून द्या. कुठलं घ्यायचं, काय किमतीचं. तीन दिवसांत."

बीडमधल्या एका कॉलेजात मी जैवतंत्रज्ञान शिकवते, तेव्हा विभागप्रमुखही होते. विभाग म्हणजे दोन खोल्या, त्यातल्या एकीच्या छताला ओल, आणि एम. एस्सी.ला मोजून आठ मुलं. डीएनए सिक्वेन्सर म्हणजे जिवाच्या पेशीत अक्षरांची जी लांबच लांब ओळ असते ती वाचून दाखवणारं यंत्र. एके काळी त्याला अख्खी खोली लागायची. आता टेबलावर मावणारी, मायक्रोवेव्ह ओव्हनएवढी यंत्रं मिळतात. एक तर तळहातावर बसेल एवढंच आहे. मी आयुष्यभर फळ्यावर त्याच्या आकृत्या काढल्या, पण एकालाही कधी हात लावला नव्हता. त्यामुळे केबिनबाहेर पडताना मी खूश होते, हे आधीच सांगून टाकते. पुढे जी किळस आली ती फक्त दुसऱ्यांची नव्हती.

आमचं माहेर व्यापाऱ्याचं. वडिलांचं जुन्या बाजारात किराण्याचं दुकान होतं. मी शाळेत असताना त्यांनी हौसेनं मसाला कांडायचं एक यंत्र आणलं. स्वस्तात मिळालं म्हणून चार दिवस सगळ्यांना सांगत होते. मग त्याचा पट्टा तुटला. तो पट्टा फक्त हैदराबादला मिळायचा, तोही त्याच कंपनीचा. दुसरा कुठलाही बसवला की निसटायचा. वर्षभरात पट्ट्यांवरच यंत्राएवढा पैसा गेला, आणि मग ते दुकानाच्या मागच्या खोलीत मिरच्यांच्या पोत्यांखाली गेलं. तेव्हापासून घरात काहीही विकत घ्यायचं म्हटलं की वडील विचारायचे, "हे रोज खाणार काय?" त्यामुळे तक्ता करायला बसले तेव्हा किमतीचा रकाना मी शेवटी ठेवला.

संभाजीनगरहून वितरकाचा माणूस आला. पस्तिशीचा, पांढरा शर्ट, बीडच्या उन्हातही इस्त्री न मोडलेला. त्यानं लॅपटॉप उघडला आणि 'पर सॅम्पल' हा शब्द सुरू केला. पर सॅम्पल इतकेच, मॅडम. पर सॅम्पल तुमच्या चहापाण्यापेक्षा स्वस्त.

"एका वेळी किती नमुने लावल्यावर?" मी विचारलं.

"शहाण्णव."

"आणि माझ्याकडे सहाच असले तर?"

तो हसला. "तर थोडं थांबायचं मॅडम. शहाण्णव जमू द्यायचे."

"जमेपर्यंत किटची मुदत संपली तर?"

तो पुन्हा हसला आणि त्यानं लॅपटॉपवर पुढचं पान उघडलं.

इथेच सगळी गोम होती. ओव्हनएवढ्या यंत्रात दर वेळी किटमधली एक कार्ट्रिज, म्हणजे रसायनांनी भरलेली डबी, घालावी लागते. ती एकदाच वापरायची आणि फेकायची. सहा नमुने लावा नाहीतर शहाण्णव, कार्ट्रिज तेवढीच खर्ची पडते. ती उणे वीस अंशांवर ठेवायची, सहा-आठ महिन्यांत वापरायची. तळहातावरचं यंत्र जवळजवळ फुकट देतात, पण त्याची वाचणारी चकती महाग, आणि ती तर तीन महिन्यांतच म्हातारी होते. शिवाय रन, म्हणजे यंत्राची एक खेप, करायच्या आधी डीएनए मोजायला दुसरं यंत्र, तो धुवायला चुंबकाचे मणी, पिपेटची खास टोकं, आणि आलेली माहिती उलगडायला ताकदवान कॉम्प्युटर. पहिल्या वर्षानंतर देखभालीचा करार, किमतीच्या दहाव्या हिश्शाएवढा, यंत्र चालो वा न चालो. रन फसला तर किटचे पैसे गेले. आणि सगळा माल विमानानं, बर्फात, मुंबईमार्गे. मुंबईहून बीडपर्यंत बर्फ टिकेल का, याची जबाबदारी कुणाची, असं विचारलं तर त्या माणसानं सांगितलं, "आमची जबाबदारी मुंबईपर्यंत."

मी हे सगळं मांडत होते तेव्हा माझ्यासोबत एक विद्यार्थिनी होती. दुसऱ्या वर्षाला, शिरूर कासारकडची. तिचे आईवडील दर हिवाळ्यात ऊसतोडीला जातात. ही लहानपणी फडावरच वाढली आणि मग हट्टानं वसतिगृहात राहून शिकली. वर्गात कमी बोलायची, पण हात इतका स्थिर की पिपेटमधला थेंब कधी चुकायचा नाही. आकडे मीच सांगत होते, ती लिहून घेत होती. ओव्हनवाल्या यंत्राच्या एका रनचा सगळा खर्च बेरजेला आला तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं.

"मॅडम, हे एकाच खेपेचं हाय का वर्षाचं?"

"एका खेपेचं."

"म्हंजी माझ्या आईबापाचा अख्खा हंगाम हाय हा." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बेरीज बरोबर आली का ते पाहावं तसं ती म्हणाली. मग विचारलं, "आन वाचायचं काय हाय आपल्याला?"

या प्रश्नाचं उत्तर तिच्याच टेबलावर होतं. बीडजवळच्या पालीच्या एका शेतकऱ्याच्या बागेत सीताफळं झाडावरच काळी पडत होती. आधी देठाजवळ डाग, मग अख्खं फळ दगडासारखं काळं, आणि ते गळतही नाही, फांदीला तसंच लटकून राहतं. तिनं प्रबंधासाठी त्या फळांतून बुरशी वाढवली होती, तिचा डीएनए काढून छोट्या नळ्यांत भरला होता. ती बुरशी कुठली, एवढंच ओळखायचं होतं. त्याला शहाण्णवाचा रन लागतच नाही. जुन्या पद्धतीची तपासणी पुरते, एका वेळी एक तुकडा वाचणारी, आणि ती पुण्यातल्या प्रयोगशाळेत एका नमुन्याला पाच-सहाशे रुपयांत करून मिळते. नळी कुरियरनं पाठवायची, आठ दिवसांत ईमेल येतो.

मी तक्त्याच्या शेवटी तसं स्पष्ट लिहिलं. आपल्याकडे वर्षाला जेमतेम पंधरा-वीस नमुने निघतात. यंत्र घेऊ नये. नमुने बाहेर पाठवावेत आणि उरलेल्या पैशात छताची ओल काढून भांडी निर्जंतुक करणारा चांगला ऑटोक्लेव्ह घ्यावा. चार पानं झाली. सही केली, शिक्का मारला.

दोन दिवसांनी साहेबांनी बंगल्यावर बोलावलं. ओसरीवर पंधरा-वीस माणसं कामं घेऊन बसली होती. साहेब मुगाचं धिरडं खात होते, समोर माझा तक्ता होता आणि चौथ्या पानावर चटणीचं बोट उमटलं होतं. मला अजून ते हिरवं बोट दिसतं. माणूस वाईट बोलत नाही, हे त्यांचं वैशिष्ट्य. मला 'ताई'च म्हणतात.

"ताई, तुमी लई विचार करता. हे चौथं पान कावून लावलं?"

"चालवायचा खर्च आहे, साहेब. यंत्रापेक्षा तोच मोठा आहे."

"आवो, चालवायचं कुणाला हाय?" ते मनापासून हसले. ओसरीवरची दोन-चार माणसंही हसली, काय झालं ते न कळताच. "समिती येऊन बघणार, फोटो काढणार, गुण देणार. अनुदान यंत्राला हाय, खर्चाला न्हाई. तीन पानं ठिवा. चौथं काढा."

मी चौथं पान काढलं.

कुणी धमकी दिली नव्हती. नोकरी जाणार नव्हती. खरं कारण असं की मलाही ते यंत्र हवं होतं. मला वाटलं, एकदा येऊ तर दे. आल्यावर दोन किटचे पैसे मी कुठून तरी उभे करीन, एकदा तरी माझ्या हातानं रन लावीन. तीन पानांच्या तक्त्यात 'प्रति नमुना खर्च' या रकान्यात मी त्या पांढऱ्या शर्टवाल्याचाच शहाण्णववाला आकडा लिहिला. तो खोटा नव्हता. फक्त आमच्याकडे कधीच खरा होणार नव्हता. त्याखाली माझी सही आहे. आजही फाइलमध्ये असेल.

यंत्र जानेवारीत आलं. उद्घाटनाला साहेब आले, दोन नगरसेवक आले, फेटे आले. कुणीतरी यंत्रावर हळदकुंकू वाहिलं ते थेट पंख्याच्या जाळीत. कंपनीचा इंजिनियर "अहो, अहो" करत पुढे धावला, तर लोकांनी त्यालाच फेटा बांधला. नारळ ओट्यावर फोडला. पाणी उडून कॉम्प्युटरच्या कळफलकात गेलं. साहेबांनी फोटोसाठी रबरी हातमोजे घातले, उजवा डाव्या हातात, आणि एक रिकामी नळी उजेडाकडे धरून पाहिली. टाळ्या झाल्या. मी फोटोत उजवीकडून तिसरी आहे आणि हसतेय. तो फोटो विभागाच्या भिंतीवर लावला तेव्हापासून मी त्या भिंतीकडे पाठ करून बसायला लागले.

इंजिनियरनं कंपनीचाच नमुना घालून एक चाचणी रन केला. तो छान झाला. यंत्राबरोबर तीन कार्ट्रिज आणि लागणारी द्रव्यं आली होती, ती आम्ही उणे वीसच्या नव्या फ्रीजरमध्ये ठेवली. त्याच फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात माझ्या विद्यार्थिनीच्या डीएनएच्या नळ्या होत्या, आणि काळ्या सीताफळांचे तुकडे, पिशव्यांत सीलबंद.

मी नमुने जमवायला लागले. परळी, अंबाजोगाईच्या ओळखीच्या प्राध्यापकांना फोन केले. तुमच्याकडे काही आहे का, आपण मिळून एक रन भरू. सगळे "वा, वा" म्हणाले. खर्च वाटून घ्यायचा म्हटल्यावर फोन थंडावले. मे महिना उजाडला तेव्हा माझ्या यादीत एकोणीस नमुने होते आणि कार्ट्रिजची मुदत ऑगस्टची.

मे महिन्यात मी उत्तरपत्रिका तपासायला चार दिवस संभाजीनगरला गेले. त्याच आठवड्यात साहेबांचा वाढदिवस होता. कॉलेजच्या मैदानात मांडव, जेवणावळ. मला त्याचं काही नव्हतं, दर वर्षी असतं.

परत आले त्या दिवशी सकाळी साडेदहाला विभागाचा जिना चढताना वास आला. आधी गोड, मग त्या गोडाखाली काहीतरी कुजलेलं. दार उघडं होतं. माझी विद्यार्थिनी ओढणी नाकाला बांधून आत उभी होती, हातात फरशी पुसायचं फडकं.

फ्रीजरचं दार सताड उघडं होतं आणि वीज बंद. तळाला गुलाबी चिकट थर साचला होता, त्यात मुंग्यांची काळी रांग. एका कोपऱ्यात आइस्क्रीमचा रिकामा डबा आडवा पडलेला, त्याला चिकटलेला लाकडी चमचा. आमची खोकी बाहेर ओट्यावर काढून ठेवलेली होती, खिडकीच्या उन्हात. पुठ्ठा मऊ पडला होता. सीताफळांच्या पिशव्या कुणीतरी बादलीत टाकल्या होत्या. चार दिवसांत त्या फुगून फुटल्या होत्या आणि बादलीत काळं पाणी उतरलं होतं. त्यावर माश्या.

"मी काल आले तवा आसंच हुतं," ती म्हणाली. "साहेबाच्या मानसांनी ऑफिसातून चावी नेलती. पाव्हण्यांसाठी आइस्क्रीम ठिवायला दुसरा फ्रीज पुरंना म्हनून. जाताना बटन बी बंद करून गेले."

"तू कालपासून हेच पुसतीयेस?"

"नुसती फरशी पुसली. फ्रीजर, खोकी, बादली तशीच ठिवली. म्हनलं, तुमी बघाल."

मी बघितलं. मग नळाकडे जाऊन ओकले. चाळीस माणसांनी तरी ते आइस्क्रीम खाल्लं असणार, बुरशीच्या काळ्या फळांच्या पिशव्या जिथे होत्या त्याच कप्प्यात ठेवलेलं. त्याची शिसारी वेगळी. पण त्याहून जास्त मळमळलं ते ओट्यावरची खोकी पाहून. तिथे कोणीतरी, एका साध्या, सरळ माणसानं, खोक्यांवर मोठ्या निळ्या अक्षरात '-२०' छापलेलं वाचलं असेल आणि तरी ती नीट रचून, एकावर एक, उन्हात ठेवली असतील. नासधूस करायचा त्याचा हेतू नव्हता. त्याच्या लेखी फ्रीजर आइस्क्रीमसाठीच असतो. आणि आम्ही त्या फ्रीजरचा दुसरा काही उपयोग करून दाखवला होता कुठे?

कार्ट्रिज गेल्या. त्यांतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, बीडच्या मे महिन्यात चार दिवस टिकणारी नव्हती. दोघींनी मिळून बादली मैदानामागे खड्डा करून पुरली. फ्रीजर तीनदा धुतला, तरी हाताला तो वास दोन दिवस राहिला. घरी भाकरी करताना पिठाला लागेल म्हणून मी दोन दिवस भाकरी केली नाही.

प्राचार्यांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, मान हलवली, "वाईट झालं" म्हणाले. मग एक छापील नमुना पुढे सरकवला. "यात लिहा की वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे किट निकामी झाली. आणि दुसरा हा उपयोगिता दाखला. तीन रन झाले असं दाखवावं लागेल, नाहीतर अनुदानाचा पुढचा हप्ता अडकतो."

"तीन रन झाले नाहीत, सर. एक झाला, तोही कंपनीचा."

"मॅडम, कार्ट्रिज तर संपल्याच ना? संपल्या म्हणजे वापरल्या."

हे वाक्य ते विनोद म्हणून बोलले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर मला मदत करत असल्याचा भाव होता. मी कागद हातात घेतला. पेन प्राचार्यांचंच होतं. मग मला चटणीचं ते बोट दिसलं आणि मी पेन टेबलावर ठेवलं.

"मी सही करणार नाही."

"साहेबांना काय सांगू?"

"जे झालं तेच सांगा. आइस्क्रीम सांगा."

मी मोठी शूर झाले असं कुणी समजू नये. केबिनबाहेर येऊन मी जिन्यातच बसून राहिले. पंधरा दिवसांनी विभागप्रमुखपद माझ्याहून सात वर्षं ज्युनियर सहकाऱ्याकडे गेलं. त्यानं सही केली. तो माझ्याशी अजून चांगला बोलतो. मला त्याचा राग येत नाही, कारण त्याआधीची सही माझी होती.

पण फ्रीजरच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या डबीत, एक गोष्ट राहिली होती. साबणाच्या डबीएवढी ती डबी आइस्क्रीमवाल्यांनी बाहेरही काढली नव्हती. त्यात माझ्या विद्यार्थिनीच्या डीएनएच्या बारा नळ्या होत्या. गुलाबी चिकट पाण्यात बुडालेली डबी तिनं धुऊन, पुसून माझ्यासमोर ठेवली. चेहरा पडलेला. "हे बी गेलं का, मॅडम?"

मला तेव्हा पहिल्यांदा हसू आलं. "नाही गं. यात विकरं नाहीत, नुसता डीएनए आहे. तू तो बरोबर धुऊन योग्य द्रावणात ठेवलास. झाकणं घट्ट आहेत. चार दिवसांनी याला काही होत नाही."

"येवढं महागाचं गेलं आन हे ऱ्हायलं?"

"हो."

तिनं डबी उचलली. मग म्हणाली, "मग पुण्याला धाडू."

आम्ही त्याच दिवशी बारातल्या सहा नळ्या कुरियरनं पुण्याला धाडल्या, थर्माकोलच्या डब्यात, कापसात गुंडाळून. बर्फ नाही, विमान नाही. पैसे मी दिले. तिनं नको नको म्हटलं, पण नळ्या इतके दिवस अडकून पडल्या ही माझी चूक होती, तिची नव्हती. दहाव्या दिवशी ईमेल आला. सहाही नमुन्यांत एकच बुरशी, आंब्याचा देठ कुजवते तीच. अक्षरांच्या चार ओळी होत्या. ती फळ्यासमोर उभी राहून एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होती, पाढे म्हणावेत तशी, आणि मी ऐकत होते. जुलैत तिची तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "तुमच्याच कॉलेजात सिक्वेन्सर असताना नमुने बाहेर का पाठवले?" तिनं एका रनचा खर्च, नमुन्यांची संख्या, मुदत, सगळं चौथ्या पानावरचं तोंडपाठ सांगितलं. मी खाली बघत होते. परीक्षक म्हणाले, "हे प्रबंधात एक प्रकरण म्हणून का नाही लिहिलं?" माझ्या जागी बसलेला सहकारी घाईनं म्हणाला, "सर, जेवायला उशीर होतोय."

ऑगस्टमध्ये मूल्यांकन समिती आली. यंत्राच्या पडद्यावर इंजिनियरचा जानेवारीतला रन उघडून ठेवला होता, रंगीबेरंगी आलेख, अगदी चालू असल्यासारखा. तिघांपैकी दोघांनी फोटो काढले. तिसरे वयस्कर, दक्षिणेतले, इंग्रजीत बोलणारे. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की किट कुठे आहेत. मी खरं सांगितलं, आइस्क्रीमसकट. त्यांच्या डोळ्यांत मला माझीच किळस दिसली आणि वाटलं, चला, एक तरी माणूस भेटला. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. अहवाल आला तेव्हा आमच्या विभागापुढे त्यांच्या सहीनिशी शेरा होता : अद्ययावत सुविधा, अत्यंत प्रशंसनीय. साहेबांनी तो मोठ्या अक्षरात छापून फलकावर लावला. मला त्या वयस्कर माणसाची जितकी घृणा वाटली तितकी साहेबांचीही कधी वाटली नव्हती. साहेबांना कळत नव्हतं. यांना कळत होतं.

ऑक्टोबरात आम्ही दोघी पालीला गेलो. तिला जालन्याच्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, रुजू व्हायला आठवडा होता. बागेचा मालक साठीचा, धोतर आणि पायात प्लॅस्टिकची चप्पल. त्याला तिनं आदल्या महिन्यात फोनवर सांगितलं होतं की झाडावर लटकलेली काळी फळं बुरशीचं घर आहेत, ती आणि वाळक्या फांद्या कापून जाळा. त्यानं निम्म्या बागेत तसं केलं होतं.

"निम्म्यातच कावून?" तिनं विचारलं.

"बघावं म्हनलं, तुमचं खरं हाय का," तो म्हणाला. "दुसरं निम्मं तसंच ठिवलंय. या, दावतो."

त्यानं आम्हाला बांधावरून फिरवलं. एका बाजूला झाडांवर काळी फळं होती, पण शोधावी लागत होती. दुसऱ्या बाजूला दर फांदीला दोन-तीन लटकलेली, कोळशासारखी. तो दोन्हीकडे बोट दाखवत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, ह्ये तपासायला किती लागलं तुमाला?"

तिनं आकडा सांगितला. सहा नळ्यांचा आणि कुरियरचा.

"बस्स?" तो म्हणाला. "आन लोकं सांगत हुते, कालेजात तेच्यासाठी लई मोठी मशीन आनली."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तिला हसू आवरेना. तिनं तोंडावर ओढणी धरली आणि मीही हसले. वर्षभरातलं ते पहिलं हसू असेल ज्यानं तोंड कडू झालं नाही. त्यानं झाडावरचं एक पिकलेलं फळ काढलं, दोन्ही हातांनी फोडून अर्धं मला, अर्धं तिला दिलं, आणि वाळक्या फांद्या कापायला कोयता घेऊन उरलेल्या निम्म्या बागेकडे निघाला.